सोनारखोलीतली टकटक

या मित्रांनो, या. पण कठड्याला हात लावू नका, रंग ओला आहे. खरं सांगायचं तर तो वाळून आठ दिवस झाले. पाटी मुद्दामच काढलेली नाही, कारण माझा तुमच्यावर विश्वास नाही. मागच्या आठवड्यात तुमच्यासारख्याच एका शाळेची सहल आली होती आणि कोणीतरी माझ्या तोफेत बिस्किटाचा कागद कोंबून गेलं. कोणी ते मला माहीत आहे, पण पुरावा नाही. असो. वाईट वाटून घेऊ नका, माझा कोणावरच विश्वास नसतो. मी एक जुनी युद्धनौका आहे आणि संशय घेणं हीच माझी जन्मभराची नोकरी होती.

मी फार मोठी नाही. मोठ्या नौका खोल समुद्रात मिरवतात, कॅलेंडरवर त्यांचेच फोटो येतात. मी किनाऱ्याजवळची. जिथे पाणी उथळ, तळाशी चिखल आणि वर मासेमारीच्या होड्यांची गर्दी, तिथे एखादी शत्रूची पाणबुडी दबा धरून बसली असेल तर तिला हुडकून काढायचं हे माझं काम. उथळ पाण्यात आवाज फार फसवतात. मोठा मासा वळला तरी काहीतरी वाजतं, कोणाच्या नांगराची साखळी घासली तरी वाजतं. त्यातला नेमका वाईट आवाज कोणता हे ओळखायचं असतं. म्हणून माझ्या पोटात अगदी तळाला ऐकायचं यंत्र बसवलं होतं. त्याला सोनार म्हणतात. हसलात ना? सगळेच हसतात. दागिने घडवतो तो सोनार वेगळा. हा सोनार पाण्याला कान लावून बसतो.

मला इथल्याच गोदीत, इथल्याच माणसांनी बांधलं. एकाच नकाशावरून आम्ही सहा जणी बांधायच्या होत्या. मी तिसरी, म्हणून गोदीत सगळे मला 'तिसरी'च म्हणत. पुढे मला भलंमोठं भारदस्त नाव मिळालं, पण मी लक्ष देते ते 'तिसरी' अशी हाक आली तरच. त्या काळात बाहेरून विकत आणलेल्या जहाजांचं फार कौतुक होतं. त्यांच्यात पाणी शिरलं तर 'काय करणार, समुद्रच खवळलेला होता', आणि आमच्यात थेंब दिसला तर 'घरचं काम म्हणजे असंच'. जन्माला यायच्या आधीपासून माझ्याकडे लोक डोळे बारीक करून बघत होते. माझा स्वभाव असा का झाला ते यावरून कळेल तुम्हाला.

माझा तळ जोडला तो ताईने. ती वेल्डर होती. पन्नाशीची, ठेंगणी, दाढेखाली कायम एक लवंग. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून सारी गोदीच म्हणायला लागली. तिच्याहून वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा "ताई, जरा हात उचला की, बोट बांधायचीय, स्वेटर नाही विणायचा" असं म्हणायचा. ताई तोंडावर धरलेल्या काचेआडून म्हणायची, "स्वेटर उसवला तर थंडी वाजते. हिचं उसवलं तर?"

सोनारखोलीच्या खाली एक लहानसा रिकामा कप्पा होता. आत मांजर कसंबसं वळेल एवढीच जागा. तो कायमचा बंद करायचा होता आणि ते काम ताईनेच केलं. प्रत्येक वेल्डरचा एक आकडा असतो, सांधा झाला की त्याच्या शेजारी आपल्या आकड्याचा पोलादी शिक्का ठोकायचा, म्हणजे पुढे काही झालं तर कोणाला धरायचं ते कळतं. ताईचा आकडा सत्तेचाळीस. तो तिने ठोकला आणि कप्पा मिटला. आणि त्याच आठवड्यात तिची हातोडी हरवली. वेल्डिंग थंड झाल्यावर वर एक काळी खपली धरते, ती टोचून काढायची छोटी टोकदार हातोडी. ताईने शोध शोध शोधली, मग स्वतःच जाऊन सामानखात्याच्या वहीत 'हरवली' असं लिहिलं, सही केली आणि नवी घेतली. न लिहिता कोणाची तरी उचलली असती तर पुढे तिच्यावर काहीच आलं नसतं!

मी पाण्यात उतरले, खलाशी आले, कप्तान आला. आणि सोनारखोलीत ऐकायला कोण येऊन बसावं? ताईचा तोच धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा हा एवढासा होता, ताईनेच त्याला वाढवला. किनाऱ्यावर असला की राहायलाही तिच्याकडेच. त्याचे कान इतके तिखट की पुढे बसून मागच्या स्वयंपाकघरात कोणी साखरेचा डबा उघडला ते सांगायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याच्या लग्नाचं बघत होते तेव्हा मध्यस्थाने 'मुलगा जहाजावर सोनार आहे' असं सांगितलं, आणि मुलीची आई पहिल्याच भेटीत तुटकी बांगडी घेऊन आली. कानसेनने खरं काय ते सांगितल्यावर बांगडी आणि स्थळ दोन्ही परत गेलं. ताई आठ दिवस हसत होती.

आता नीट ऐका. पाणबुडी शोधायची तर आधी आपण गप्प व्हावं लागतं. कप्तानाने 'शांतता' असा हुकूम दिला की माझ्यावरचे पंखे बंद, पंप बंद, गप्पा बंद. आचारी डावांखाली ओलं फडकं घालायचा. त्याला ऐन वेळी शिंका यायच्या, म्हणून त्याला एक स्वतंत्र उशी दिलेली होती. सगळ्यांनी बूट काढायचे, मोज्यांवर चालायचं, आणि आपापली जागा सोडायची नाही. सोनारखोलीला तर आतून जाड गादी मारलेली. कानसेन कानांवर हेडफोन चढवून आत बसला की बाहेर ढोल वाजले तरी त्याला थेट ऐकू आले नसते. त्याला ऐकू यायचं ते फक्त माझ्या तळाला लागलेलं.

पहिल्या मोठ्या परीक्षेला आमच्याच बाजूची एक पाणबुडी किनाऱ्याजवळ लपवून ठेवली होती. ती आम्ही शोधायची. 'शांतता' झाली, मी हळूहळू पुढे निघाले, आणि कानसेनच्या कानात आलं, टक... टक टक... टक.

"साहेब, मिळाली," तो कुजबुजला. "अगदी जवळ आहे."

मी शहारले. डावीकडे वळले, टकटक डावीकडे आली. उजवीकडे वळले, उजवीकडे आली. कप्तानाच्या कपाळावर घाम. "ही तर आपल्याला चिकटूनच चाललीय!" दोन तास आम्ही तिच्या मागे, की ती आमच्या मागे, हेच कळेना. शेवटी मैलभर पाठीमागे पाणी फुगलं आणि खरी पाणबुडी वर आली. तिच्यावरचे खलाशी उभे राहून आम्हाला हात करत होते. एकजण तर टाळ्या वाजवत होता. आम्ही दोन तास आमच्याच पोटातल्या आवाजाची शिकार करत होतो, मित्रांनो. माझी अशी शोभा पुन्हा कधी झाली नाही.

मग शोधाशोध. हुकूम उठला, दिवे लागले, सगळे बूट घालून बॅटऱ्या घेऊन धावले. कुठे काही नाही. पुन्हा समुद्रात गेलो, 'शांतता' झाली, टकटक सुरू. शोधायला उठले, टकटक बंद. तिसऱ्या वेळी तेच. "आपण उठलो की ते गप्प बसतंय," आचारी उशी पोटाशी धरून म्हणाला. "त्याला आपण दिसतोय." झालं! त्या दिवसापासून माझ्यावर कोणी कोणाला सरळ बघेना. आचारी मेकॅनिकवर डूख धरून, मेकॅनिक आचाऱ्याच्या कपाटात डोकावतोय. धक्क्यावर लोक म्हणायला लागले, "घरचं काम म्हणजे असंच." चौथीचा तळ आता बाहेरून माणसं आणून जोडून घ्यायचा, अशीही कुजबुज कानावर आली.

तेव्हा तपासनीस आला. हातात लहान हातोडा, दिसेल ते ठोकून बघायची सवय, म्हणून त्याला ठोकेसाहेब म्हणत. त्याने मला नाकापासून शेपटीपर्यंत ठोकलं, काही निघालं नाही. मग तो वह्या उघडून बसला आणि सामानखात्याच्या वहीत त्याला ताईची सही सापडली.

"ही बघा," तो कप्तानाला म्हणाला. "कप्पा बंद केला त्याच आठवड्यात हातोडी हरवली. आतच राहिली. बोट हळू चालली की गडगडते." मग तो कानसेनकडे वळला. "आवाज खालून येतो ना?"

"जवळून येतो," कानसेन म्हणाला. "खालून असेल. नक्की नाही सांगता..."

"वेल्डर तुझी बहीण ना रे?"

बस्स, एवढंच विचारलं. कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं. आता 'नक्की नाही' म्हटलं तर लोक म्हणणार, बहिणीला पाठीशी घालतोय. त्याने कागद पुढे ओढला आणि लिहून दिलं, 'आवाज खालच्या बंद कप्प्यातून येतो.' खाली सही. त्याला जे माहीत नव्हतं ते त्याने लिहून दिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याला दोष देऊन मी मोकळी होत नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हातोडी आतच आहे, टोक वर करून पडलीय, मी वळले की मला बोचतेय, असं अगदी जाणवायचं. ज्या बाईने मला जोडलं तिच्यावर मी संशय घेतला. आजही आठवलं की लाज वाटते.

ताईचा शिक्का काढून घेतला. निकाल लागेपर्यंत कोणत्याही सांध्याला हात लावायचा नाही. तिला गोदामात वेल्डिंगच्या काड्या जाडीप्रमाणे वेगळ्या करायला बसवलं. तीस वर्षं काम केलेली बाई काड्या निवडत बसली. निकाल विरुद्ध गेला असता तर शिक्का कायमचा गेला असता आणि चौथी, पाचवी, सहावी कोणीच तिच्या हातची झाली नसती. असे सहा दिवस गेले. मुकादम तिच्यासमोरून जाताना घड्याळ बघायचा. कोणीही, मित्रांनो, एकानेही तिला विचारलं नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे.

सातव्या दिवशी कप्पा वरच्या बाजूने कापला. ठोकेसाहेबाने बॅटरी आत घातली, मग हात घातला, मग आरसा घातला. आत काहीही नव्हतं. एक खपलीसुद्धा नाही. कापलेला सांधा उजेडात धरून पाहिला तर त्यात एक बुडबुडा सापडेना. मी मनातल्या मनात हुश्श केलं. पण ठोकेसाहेब कसला हार मानतो! "म्हणजे शेजारच्या कप्प्यात असणार. तोही तिनेच बंद केलाय. कापा."

तेव्हा आचारी, जो चहाचे कप गोळा करायला आला होता, सहज म्हणाला, "अहो, पण जिने शिवलंय तिला विचारलंत का?"

कप्तानाने ठोकेसाहेबाकडे पाहिलं, ठोकेसाहेबाने कागदांकडे, आणि कानसेनने जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. आम्ही समुद्रात गेलो. 'शांतता' झाल्यावर तिनेही आपले बूट काढले आणि मांडीवर घेऊन सोनारखोलीत भावाशेजारी बसली. कानसेनने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. टक... टक टक... टक. ताईने डोळे मिटले. मीही श्वास रोखला होता, म्हणजे जहाजाला रोखता येतो तेवढा.

"हे आतलं नाही," ती म्हणाली. "हे बूट आहेत."

"काय?"

"बूट रे. आमच्या कपडे बदलायच्या खोलीत पत्र्याच्या कपाटांना वीस जणींचे बूट टांगलेले असतात. दार वाजलं की हाच आवाज. रोज ऐकतेय." ती उठली आणि तिने खोलीचं दार उघडलं.

बाहेरच्या भिंतीवर, दाराशेजारच्या खुंटीला, नाड्यांनी बांधलेली एक जोडी लटकत होती. मी डुलले की बुटाचं टोक भिंतीला लागत होतं, टक. ती भिंत सरळ खाली जाऊन सोनारला भिडलेली. बाकी सगळ्यांचे बूट रबरी आणि खोक्यात ठेवलेले. ही एकच जोडी पोलादी टोकाची, गोदीतल्या कामगारांना देतात तसली. कानसेनची. जहाजावरचे बूट त्याला चावायचे म्हणून ताईनेच आपल्या वाट्याचे, मोठ्या मापाचे मागून घेऊन त्याला दिले होते. खोकं दमट असायचं, नवे बूट खराब होऊ नयेत म्हणून तो ते जपून खुंटीला टांगायचा. आणि 'शांतता' उठून शोधाशोध सुरू झाली की सगळ्यात आधी काय करायचा? बूट पायात घालायचा.

कप्तान खो खो हसला, आणि मग ताईचं तोंड बघून थांबला. ठोकेसाहेबाने खिशातून पेन काढलं आणि बराच वेळ टोपणच शोधत बसला.

सगळे वर गेल्यावर ती दोघं खाली राहिली, त्या कापलेल्या कप्प्याच्या काठावर. म्हणून मला हे कळलं.

"सहा दिवस माझ्यासमोर बसून जेवलास," ताई म्हणाली.

"हो."

"ताई, तुझी हातोडी कुठे हरवली गं, एवढं विचारायला जीभ रेटली नाही तुझी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि शिक्का काढून घेतला तेव्हा मला फार बरं वाटलं, नाही का?"

कानसेन बूट हातात घेऊन उभा होता. "मला भीती वाटली," तो म्हणाला. "विचारलं, आणि तू हो म्हणालीस तर?"

ताई वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा शिक्का परत आला, तिने कप्पा पुन्हा जोडला, सत्तेचाळीस ठोकला आणि चौथीच्या कामाला लागली. ती हातोडी मात्र आजतागायत सापडलेली नाही. माझा संशय सामानखात्याच्या कारकुनावर आहे.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं किनारा राखला. एकदा एका परक्या पाणबुडीला अकरा तास मान वर काढू दिली नाही, ती निमूट निघून गेली. तेव्हा बँड वाजला, माझ्या अंगावर पितळी पाटी लागली, आणि 'घरचं काम' असं लोक आता छाती फुगवून म्हणायला लागले. मग नव्या आल्या, माझ्याहून चपळ. मला धक्क्याला बांधून ठेवलं. गंज चढला, कठड्यावर पक्षी बसून घाण करायला लागले, आणि आता तुम्ही येता.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. कानसेन किनाऱ्यावर आला की ताईकडेच जायचा. ती वाढायची, तो जेवायचा. पण त्यांचं बोलणं 'वाढू का', 'पुरे', 'पाऊस येईलसं वाटतंय' एवढ्यावर आलं होतं. हे तो स्वतःच एकदा आचाऱ्याला म्हणाला. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं तरी असतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला बांधणाऱ्यांना बोलावलं होतं. ताई आली, हातात काठी. भाषणं चालू असताना ती हळूच खाली उतरली, एकेक पायरी. मागोमाग कानसेन. त्याचे केस पिकलेले, आणि जन्मभर हेडफोन लावून त्याचे कान गेलेले. दोघं त्या कप्प्यापाशी बसली.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"त्या सहा दिवसांत तुला स्वतःला कधी वाटलं का गं, की हातोडी आतच राहिली असेल?"

"वाटलं ना," ताई म्हणाली. "सहाही दिवस वाटत होतं. काड्या निवडताना आठवून आठवून डोकं फुटायची पाळी आली. मला काय माहीत, राहिलीही असती. माणूसच आहे मी. तू विचारलं असतंस तर म्हणाले असते, चल, दोघं मिळून बघू."

तो पुढे झुकला, कानामागे हात धरून. "काय म्हणालीस?"

ताईने तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "दोघं मिळून बघू, म्हणाले असते!"

या वेळी त्याला ऐकू आलं. तो लहान मुलासारखा रडला. वर टाळ्या वाजत होत्या.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी तुम्हाला सांगणार नाही, मी कोणत्या तोंडाने सांगू? मनात येतोच तो. पण ज्याच्यावर येतो त्याच्याकडे सरळ जा आणि त्याला विचारा. आणि लवकर विचारा, त्याचं उत्तर तुम्हाला नीट ऐकू येतंय तोवर.